जुना डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबल घ्यायचाय? काय तपासायचं, काय दुरुस्त होतं आणि काय नाही?

घर बदलताना किंवा दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरून एक खोकं खाली येतं. आत जुन्या रेकॉर्ड्सचा गठ्ठा. कव्हरं थोडी खराब झालेली, पण रेकॉर्ड्स शाबूत. फोटो काढून स्टोरी टाकली जाते, भरपूर लाइक्स येतात आणि मग खरा प्रश्न उभा राहतो. आता या वाजवायच्या कशावर?

हा प्रश्न आज बऱ्याच जणांना पडतोय. अमेरिकेत २०२२ साली सुमारे ४ कोटी १० लाख विनाइल रेकॉर्ड्स विकल्या गेल्या, तर सीडी ३ कोटी ३० लाख. रेकॉर्ड्सनी संख्येत सीडीला मागे टाकण्याची १९८७ नंतरची ही पहिलीच वेळ होती. भारतातही नव्या-जुन्या रेकॉर्ड्स घेणाऱ्या तरुणांची गर्दी दिसू लागली आहे.

यातल्या अनेकांची गाडी शेवटी एका शब्दावर येऊन थांबते, 'डायरेक्ट ड्राइव्ह'. विशेषतः १९७० आणि १९८० च्या दशकातले जपानी टर्नटेबल. चाळीस-पंचेचाळीस वर्षं जुनं मशीन घेणं शहाणपणाचं आहे का? घेताना काय बघायचं? आणि ते बिघडलेलं असेल तर दुरुस्त होतं का? एकेक गोष्ट समजून घेऊया.

डायरेक्ट ड्राइव्ह म्हणजे नेमकं काय?

एलपी रेकॉर्ड मिनिटाला ३३.३३ फेरे या वेगाने फिरावी लागते. वेग कमी-जास्त झाला की गाणाऱ्याची पट्टीच बदलते. त्यामुळे रेकॉर्ड ठेवायची थाळी, म्हणजे प्लॅटर, एकसारख्या वेगाने फिरवणं हे टर्नटेबलचं मुख्य काम.

ते करण्याच्या तीन पद्धती आहेत.

पहिली आयडलर ड्राइव्ह. यात वेगाने फिरणारी मोटर एका रबरी चाकाला फिरवते आणि ते चाक थाळीच्या कडेला घासून तिला फिरवतं. यात ताकद भरपूर असते, पण मोटरची थरथर चाकातून थाळीत आणि थाळीतून पिनेपर्यंत जाते. स्पीकरमध्ये खाली एक बारीक घरघर ऐकू येते.

दुसरी बेल्ट ड्राइव्ह. मोटर बाजूला असते आणि रबरी पट्ट्याने थाळी फिरवते. पट्टा थरथर शोषून घेतो. पण तो कालांतराने सैल पडतो, वेग घसरतो आणि बदलावा लागतो.

तिसरी डायरेक्ट ड्राइव्ह. इथे मधे चाकही नाही आणि पट्टाही नाही. मोटरचा दांडा हाच थाळीचा दांडा. म्हणजे मोटरच मिनिटाला ३३.३३ फेरे फिरते, सेकंदाला अर्ध्याहून थोडा जास्त फेरा. मोटर इतक्या संथ फिरत असल्यामुळे तिच्या फिरण्यातून होणारी थरथर कानाला ऐकू येण्याच्या मर्यादेच्या बरीच खाली राहते.

पण इतक्या संथ वेगात मोटर एकसारखी फिरवणं सोपं नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक सर्किट सतत वेग मोजतं आणि चूक दिसली की लगेच दुरुस्त करतं. नंतरच्या मशीनमध्ये ही तुलना क्वार्ट्झच्या स्फटिकाशी होते. मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळात जे असतं, तेच. म्हणूनच या मशीनवर 'क्वार्ट्झ लॉक' असं लिहिलेलं दिसतं.

हे आलं कुठून?

जपानच्या मात्सुशिता कंपनीने, म्हणजे आजच्या पॅनासॉनिकने, आपल्या 'टेक्निक्स' या ब्रँडखाली १९७० साली एसपी-१० बाजारात आणला. बाजारात आलेला हा पहिला डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबल मानला जातो. त्यामागे अभियंता शुइची ओबाता यांचं काम होतं. हे मशीन प्रामुख्याने रेडिओ स्टेशनं आणि व्यावसायिक वापरासाठी होतं.

१९७२ साली एसएल-१२०० आला आणि १९७९ साली त्याची सुधारित आवृत्ती एसएल-१२०० एमके२. आज 'डीजेचा टर्नटेबल' म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे चित्र येतं ते याच मशीनचं. गंमत म्हणजे पहिला एसएल-१२०० घरी बसून गाणी ऐकणाऱ्यांसाठी बनवला होता. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात डीजे कूल हर्क आणि त्यांच्यानंतरच्या डीजेंनी टर्नटेबलचा वापर वाद्यासारखा सुरू केला, तेव्हा डायरेक्ट ड्राइव्हचा मोठा फायदा लक्षात आला. थाळी हाताने थांबवली, मागे फिरवली, सोडली, तरी ती क्षणात पुन्हा वेग पकडते. बेल्ट असता तर घसरला असता.

कंपनीने २०१० साली एसएल-१२०० चं उत्पादन थांबवलं. तोवर या मालिकेची ३५ लाखांहून अधिक मशीन विकली गेल्याचं सांगितलं जातं. मागणी मात्र थांबली नाही आणि २०१६ साली हे नाव नव्या मोटरसह परत आलं.

टेक्निक्स एकटी नव्हती. डेनॉन, सोनी, पायोनियर, केनवूड, जेव्हीसी, सॅन्सुई या जपानी कंपन्यांनी आणि जर्मनीच्या ड्युअलनेही डायरेक्ट ड्राइव्ह मशीन बनवली. ही नावं लक्षात ठेवा, कारण टेक्निक्सच्या नावामुळे त्याची किंमत चढलेली असते. तेवढीच चांगली दुसरी मशीन अनेकदा कमी किमतीत मिळतात.

जुनंच का घ्यायचं?

सरळ उत्तर असं की त्या काळात टर्नटेबल हे घरातलं मुख्य संगीतयंत्र होतं आणि कंपन्या त्यावर तसा खर्च करत होत्या. एसएल-१२०० एमके२ चं वजन सुमारे १२.५ किलो आहे. ओतीव ॲल्युमिनियमची जड थाळी, रबराचा जाड पाया. ०.७ सेकंदात थाळी पूर्ण वेग पकडते.

आज ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या सुटकेससारख्या प्लेअरशी तुलना करा. त्यात सहसा साधं सिरॅमिक कार्ट्रिज असतं आणि पिनेचा भार ५ ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त असतो. चांगल्या टर्नटेबलवर हाच भार दीड ते दोन ग्रॅम असतो. पिन रेकॉर्डच्या खाचेत किती जोराने दाबली जाते आणि ती किती चांगल्या स्थितीत आहे, यावर रेकॉर्डचं आयुष्य ठरतं.

इथेच या सगळ्या विषयाचा गाभा आहे. टर्नटेबल बिघडला तर दुसरा मिळेल. पण माळ्यावरच्या गठ्ठ्यातली एखादी नाट्यसंगीताची, कीर्तनाची किंवा लावणीची रेकॉर्ड कधीच सीडीवर किंवा ॲपवर आली नसेल, तर तुमच्या हातातली प्रत हीच ती गोष्ट आहे. चुकीच्या पिनेने खाच खरवडली गेली की ती परत भरत नाही. त्यामुळे मशीन किती सुंदर दिसतं यापेक्षा ते रेकॉर्डला किती जपतं, हे बघायचं.

भारतात घेताना पहिला प्रश्न विजेचा

आपल्याकडे मिळणारी अनेक जुनी मशीन परदेशातून आलेली असतात. कुणी आखातातून आणलेलं, कुणी अमेरिकेतून, कुणी थेट जपानमधून मागवलेलं. मागच्या बाजूची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावायचा नाही.

जपानसाठी बनवलेलं मशीन १०० व्होल्टवर चालतं, अमेरिकेसाठीचं १२० व्होल्टवर. आपल्या घरात २३० व्होल्ट असतात. थेट लावलं तर फ्यूज उडेल किंवा आतला ट्रान्सफॉर्मर जळेल. अशा मशीनला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. जपानी मशीनला १०० व्होल्टचाच घ्या, ११० चा 'चालून जाईल' म्हणून घेऊ नका. काही निर्यात मॉडेलमध्ये व्होल्टेज बदलण्याचा खटका दिलेला असतो, काही मशीनमध्ये तो थाळीखाली असतो.

आता फ्रिक्वेन्सी. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. जुन्या बेल्ट ड्राइव्ह मशीनमध्ये मोटरचा वेग थेट या आकड्यावर अवलंबून असतो. त्यामुळे अमेरिकन बेल्ट ड्राइव्ह इथे ३३.३३ ऐवजी साधारण २७.८ फेऱ्यांनी फिरतो आणि गाणं रडवेलं वाटतं. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या डायरेक्ट ड्राइव्हला ही अडचण येत नाही, कारण त्याचा वेग आतलं सर्किट ठरवतं. व्होल्टेज जुळवलं की काम झालं. परदेशी जुनं मशीन घेणाऱ्या भारतीय ग्राहकासाठी हा मोठा फायदा आहे.

शोधायचं कुठे?

मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट आणि पुण्यात बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार ही ओळखीची ठिकाणं. नशीब असेल तर चांगली वस्तू हाती लागते, पण तिथे मशीन लावून बघायची सोय नेहमी असतेच असं नाही. सुट्या भागांसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याच्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली उपयोगी पडते. तिथे कॅपॅसिटर, कॉन्टॅक्ट क्लीनर, फ्यूज, वायर असं साहित्य मिळतं.

याशिवाय रेकॉर्ड जमवणाऱ्यांचे ग्रुप आणि ऑनलाइन जाहिराती आहेत. सगळ्यात चांगला सौदा मात्र तोच, जिथे तुम्ही विक्रेत्याच्या घरी जाऊन मशीन चालू स्थितीत बघू शकता. फोटोत थाळी फिरताना दिसत नाही आणि व्हिडिओत आर्मचं बेअरिंग सैल आहे की नाही ते कळत नाही.

दहा मिनिटांची तपासणी

जाताना ओळखीची एक रेकॉर्ड घेऊन जा. ती अगदी जपून ठेवलेली नको, पण तिचा आवाज तुमच्या कानात पक्का बसलेला हवा. मग या क्रमाने बघा.

१. वीज बंद असताना थाळी हाताने फिरवा. ती आवाज न करता फिरली पाहिजे. खरखर किंवा अडकल्यासारखं वाटलं तर बेअरिंग कोरडं पडलंय किंवा मशीन कधीतरी आपटलंय.

२. थाळीच्या कडेला डोळा लावून बघा. ती वर-खाली डुलत असेल तर थाळी किंवा दांडा वाकलेला असू शकतो.

३. आर्मचं पुढचं टोक दोन बोटांनी अलगद धरून पुढे-मागे हलवा. 'टक' असा सैलपणा जाणवता कामा नये. आर्म समतोल करून सोडल्यावर तो दोन्ही बाजूंना सहज तरंगला पाहिजे, मधेच अडखळता कामा नये.

४. वीज चालू करून ३३ आणि ४५ दोन्ही वेग लावा. थाळीच्या कडेवरचे ठिपके स्ट्रोबच्या उजेडात स्थिर दिसले पाहिजेत. एमके२ मध्ये ठिपक्यांच्या चार रांगा आहेत. पिच शून्यावर असताना त्यातली सगळ्यात मोठ्या ठिपक्यांची रांग स्थिर दिसली पाहिजे.

५. पिचची पट्टी सावकाश वर-खाली सरकवा. एमके२ मध्ये वेग ८ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त होतो. मधेच वेग उड्या मारत असेल तर पट्टी घाण झाली आहे.

६. थांबवण्याचं बटण दाबून थाळी नीट थांबते का ते बघा.

७. आता रेकॉर्ड लावा. डावा-उजवा दोन्ही स्पीकर सारखे वाजतायत का? खाली 'हम्म' असा आवाज येतोय का? एखादा लांबवलेला सूर, पियानो किंवा सतार ऐका. सूर लाटेसारखा हलत असेल तर वेगात दोष आहे.

फोनमधलं वेग मोजणारं ॲपही कामी येतं. फोन थाळीवर ठेवला की तो आतल्या सेन्सरने फेरे मोजतो. जड थाळीच्या डायरेक्ट ड्राइव्हवर फोनच्या वजनाने फारसा फरक पडत नाही.

एक इशारा. अनेक जुन्या मशीनमध्ये स्ट्रोबचा दिवा घरच्या विजेवर लुकलुकतो. ३३.३३ वेगासाठी ५० हर्ट्झला थाळीवर १८० ठिपके लागतात आणि ६० हर्ट्झला २१६. मशीनवर फक्त ६० हर्ट्झचे ठिपके असतील, तर आपल्याकडे वेग अचूक असूनही ठिपके पळताना दिसतील. ते पाहून चांगलं मशीन नाकारू नका, अशा वेळी ॲपने खात्री करा. एमके२ मध्ये हा घोळ नाही, कारण त्याच्या दिव्याची लुकलुक आतल्या क्वार्ट्झवर चालते.

काय दुरुस्त होतं आणि काय नाही?

किंमत ठरवताना हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. साधा नियम असा की डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मोटर सहसा सगळ्यात शेवटी जाते. आधी बिघडतात त्या छोट्या आणि स्वस्त गोष्टी.

सहज दुरुस्त होणाऱ्या गोष्टी: घाण झालेली पिचची पट्टी आणि बटणं, वाळलेलं तेल, जुने कॅपॅसिटर, तडकलेले सोल्डरिंगचे सांधे, तुटलेली सिग्नल वायर, झिजलेली पिन, खराब झालेला हेडशेल, दबलेले पाय. यातलं काही असेल तर त्याचं कारण सांगून घासाघीस करा, पण मशीन सोडू नका.

अवघड किंवा महाग गोष्टी: आर्मचं सैल किंवा गंजलेलं बेअरिंग, वाकलेला दांडा, तडा गेलेली थाळी आणि वेग नियंत्रित करणाऱ्या खास आयसी. यातल्या अनेक आयसींचं उत्पादन कधीच थांबलंय. जुन्या साठ्यातून किंवा दुसऱ्या मशीनमधून काढून त्या मिळवाव्या लागतात. थाळी सुरू केल्यावर बेलगाम वेगाने पळत सुटत असेल, तर दोष बहुतेक वेळा नियंत्रण सर्किटमध्ये असतो. तो सांध्याचा असेल तर थोडक्यात निभावतं, आयसीचा असेल तर शोधाशोध करावी लागते.

टेक्निक्सच्या एमके२ मध्ये थाळीच्या खालच्या बाजूला चुंबकाची कडी बसवलेली असते. म्हणजे थाळी हाच मोटरचा फिरणारा भाग आहे. त्यामुळे 'थाळी दुसऱ्या कंपनीची बसवली आहे' असं कुणी सांगितलं तर तिथून निघा. डेनॉनच्या अनेक मॉडेलमध्ये थाळीच्या आतल्या कडेवर चुंबकीय खुणा असतात आणि एक सेन्सर त्या वाचून वेग ठरवतो. अशा थाळीजवळ चुंबक नेऊ नका.

मशीनच्या किमतीत आणखी तीन खर्च आधीच मिळवून ठेवा: नवी पिन किंवा कार्ट्रिज, फोनो प्रीॲम्प आणि गरज असेल तर ट्रान्सफॉर्मर. हे धरूनही सौदा परवडत असेल तरच पुढे जा.

घरी आणतानाच सगळ्यात जास्त मशीन मोडतात

चाळीस वर्षं टिकलेलं मशीन कुरिअरच्या एका प्रवासात निकामी होऊ शकतं. कारण जड थाळी दांड्यावर आपटत राहते आणि बेअरिंगला मार बसतो.

पाठवणाऱ्याला स्पष्ट सांगा. थाळी काढून वेगळी गुंडाळा. आर्मच्या मागचं वजन काढून ठेवा. हेडशेल काढा. आर्म त्याच्या आधाराला बांधा. झाकण वेगळं पॅक करा. दोन खोकी वापरा, एकात एक. शक्य असेल तर स्वतः जाऊन गाडीतून आणा. एसटीच्या टपावर किंवा डिकीत सुटं टाकून नको.

दुरुस्ती कुठून सुरू करायची?

मशीन आल्या आल्या ते उघडून बसू नका. आधी साध्या गोष्टी करा. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

पहिली पायरी सफाईची. प्लग काढून थाळी उचला. एमके२ मध्ये थाळीला बोटं घालायला दोन भोकं असतात. खालची धूळ मऊ ब्रशने काढा. थाळी काढलेली असताना वीज चालू करायची नाही.

दुसरी पायरी तेलाची. एमके२ च्या माहितीपुस्तकात सुमारे २,००० तासांच्या वापरानंतर दांड्यात दोन-तीन थेंब तेल टाकायला सांगितलं आहे. दोन-तीन थेंब म्हणजे तेवढेच. तेल हलकं आणि मशीनसाठीचं असावं. खोबरेल तेल, शिवणयंत्राजवळ पडलेली जुनी बाटली किंवा गंज सोडवणारा स्प्रे वापरू नका. स्प्रे आधीचं वंगण धुऊन काढतो आणि काही दिवसांनी बेअरिंग कोरडं पडतं.

तिसरी पायरी खटक्यांची. पिचची पट्टी आणि वेगाच्या बटणांमध्ये इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर थोडासा मारून ती वीस-तीस वेळा हलवा. हेडशेल जिथे आर्मला जोडतो तिथले चार बारीक संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. 'एक स्पीकर बंद आहे' ही तक्रार अनेकदा इथेच सुटते.

चौथी पायरी अर्थिंगची. सिग्नलच्या दोन वायरींसोबत एक बारीक सुटी वायर असते. ती ॲम्प्लिफायरच्या मागच्या 'ग्राउंड' स्क्रूला जोडली नाही तर सतत 'हम्म' ऐकू येतं. बिघाड समजून मशीन दुरुस्तीला देण्याआधी ही वायर बघा.

एवढं करूनही वेग स्थिर राहत नसेल तर पाळी सर्किटची. जुने इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर वयानुसार वाळतात आणि पॉवर सप्लाय अस्थिर होतो. ते त्याच किंवा जास्त व्होल्टेजचे आणि तेवढ्याच क्षमतेचे बदलायचे असतात. विजेच्या खटक्याजवळ ठिणगी दाबणारा एक छोटा कॅपॅसिटरही असतो. तो जुना झाला की कधीकधी धूर काढून जातो. त्याच्या जागी मेन्ससाठी प्रमाणित असलेलाच बसवावा लागतो.

हे काम सोल्डरिंगचा सराव असलेल्यानेच करावं. आत २३० व्होल्ट असतात. रेडिओ-ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारे जुने कारागीर अजूनही अनेक शहरांत आहेत. त्यांच्याकडे जाताना त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल छापून घेऊन जा. त्यांचा वेळ वाचतो आणि तुमचा खर्चही.

पिन: इथे काटकसर नको

जुन्या मशीनबरोबर आलेली पिन किती तास चालली आहे ते कुणालाच माहीत नसतं. हिऱ्याच्या पिनेचं आयुष्य ढोबळमानाने ५०० ते १,००० तास धरलं जातं. झिजलेली पिन धारदार होते आणि खाच कोरत जाते. त्यामुळे पहिली चांगली रेकॉर्ड लावण्याआधी पिन बदला. ऑडिओ-टेक्निका, ऑर्टोफॉन, नागाओका या कंपन्या आजही कार्ट्रिज बनवतात. नामवंत कंपन्यांच्या नावाने बनावट पिनाही विकल्या जातात, त्यामुळे अगदीच स्वस्त मिळाली तर शंका घ्या.

बसवताना एमके२ साठी एक सोपं माप आहे. हेडशेलच्या जोडाच्या कडेपासून पिनेच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर. मग समतोल. अँटी-स्केट शून्यावर ठेवून मागचं वजन फिरवत आर्म आडवा तरंगेल असा करा. वजनावरची आकड्यांची कडी शून्यावर आणा. आता कार्ट्रिज बनवणाऱ्याने सांगितलेला भार, समजा १.८ ग्रॅम, लावा आणि अँटी-स्केटही तेवढाच ठेवा. पिनेचा भार मोजणारा छोटा डिजिटल काटा मिळतो, त्याने खात्री करा.

भार कमी ठेवला की रेकॉर्ड जास्त टिकेल, हा गैरसमज आहे. फार हलकी पिन खाचेत उड्या मारते आणि भिंतींना इजा करते.

आवाज बारीक येतोय?

नवखे लोक इथे हमखास फसतात. कार्ट्रिजमधून येणारा सिग्नल जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्टचा असतो. शिवाय रेकॉर्डवर खर्जाचा भाग कमी करून आणि तीव्र सुरांचा भाग वाढवून कोरलेला असतो. वाजवताना ते उलट करावं लागतं. यासाठीचं प्रमाण १९५४ साली ठरलं, त्याला आरआयएए वळण म्हणतात.

हे काम फोनो प्रीॲम्प करतो. जुन्या ॲम्प्लिफायरवर 'फोनो' असं लिहिलेली जागा असेल तर तो आतच आहे. नसेल तर वेगळा घ्यावा लागतो. थेट 'ऑक्स'मध्ये लावलं तर आवाज क्षीण आणि चिरका येईल, त्यात मशीनचा काही दोष नसतो.

आणि ७८ च्या रेकॉर्ड्स?

मराठी घरांतल्या गठ्ठ्यात हा प्रश्न हमखास येतो. एलपी १९४८ साली आली. त्याआधीच्या आणि भारतात त्यानंतरही बरीच वर्षं निघालेल्या अनेक रेकॉर्ड्स ७८ फेऱ्यांच्या आहेत. जड, ठिसूळ, लाखेच्या, एका बाजूला सुमारे तीन मिनिटांचं गाणं.

एसएल-१२०० एमके२ वर ७८ चा वेग नाही. तो हवा असेल तर घेण्याआधी बघून घ्या. टेक्निक्सच्याच एसपी-१० एमके२ वर तो आहे, २०१९ मध्ये आलेल्या एसएल-१२०० एमके७ वरही आहे.

नुसता वेग पुरेसा नाही. ७८ ची खाच बरीच रुंद असते. एलपीच्या पिनेचं टोक साधारण १८ मायक्रॉन त्रिज्येचं, तर ७८ साठी साधारण ७५ मायक्रॉनचं लागतं. एलपीची पिन ७८ वर लावली तर ती तळाशी घासत जाते, आवाज खरखरीत येतो आणि पिनही खराब होते. त्यासाठी वेगळी पिन ठेवा.

सफाईतही फरक आहे. विनाइल रेकॉर्ड डिस्टिल्ड वॉटर आणि थोड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येते. ७८ च्या लाखेच्या रेकॉर्डला अल्कोहोल अजिबात लावू नका, लाख त्यात विरघळते. आपल्याकडच्या पावसाळ्यात दोन्हींना बुरशी धरते. रेकॉर्ड्स उभ्या ठेवा, भिंतीला टेकवून तिरप्या नाहीत, आणि वाजवण्याआधी प्रत्येक रेकॉर्ड साफ करा.

थोडक्यात

आर्म घट्ट असेल, दांडा सरळ असेल आणि वेग स्थिर असेल, तर वरवर कितीही ओरखडे असले तरी मशीन घ्या. चकाचक पॉलिश केलेल्या पण सैल आर्मच्या मशीनला नमस्कार करा. दुरुस्ती सफाईपासून सुरू करा आणि सर्किटला हात शेवटी लावा.

आणि माळ्यावरच्या गठ्ठ्यातली सगळ्यात जपून ठेवलेली रेकॉर्ड पहिल्या दिवशी लावू नका. आधी एखादी साधी, दुसरी कुठेही मिळेल अशी रेकॉर्ड आठवडाभर वाजवून बघा. वेग, भार, पिन सगळं पक्कं झालं की मगच ती दुर्मिळ रेकॉर्ड बाहेर काढा. आणि ती वाजेल तेव्हा एकदा लॅपटॉपवर रेकॉर्ड करून घ्या, म्हणजे घरातल्या बाकीच्यांपर्यंतही ते गाणं पोहोचेल.